एकतीस प्रश्न

दस्तगीरभाईंनी कॅलिपरची एक दांडी हौसाबाईंच्या पाठीखाली सरकवली, दुसरी छातीवर हलकेच टेकवली आणि वाकून पट्टीवरचा आकडा वाचला.

"अठरा."

"काल बी अठराच म्हनला हुतास," हौसाबाई आडव्या पडल्या पडल्या म्हणाल्या.

"मग काय करू? तुम्ही कमी व्हायलाच तयार नाही, मावशी."

"बाजारातली शेरडी हाय व्हय मी, रोज मापायला?"

मी दारात स्टॉपवॉच घेऊन उभी होते. दस्तगीरभाई बाहेरच्या लहान खोलीत आले, कॉम्प्युटरपुढे बसले आणि दोन बोटांनी उत्तरं टाइप करू लागले. रुग्ण क्रमांक एक्केचाळीस. आजची तारीख. किरणांच्या चौकोनाची लांबी, रुंदी. किरण अडवायला शिशाचा ठोकळा आहे की नाही. शरीराची जाडी, अठरा सेंटिमीटर. असे एकूण एकतीस प्रश्न होते. शेवटचं उत्तर दिल्यावर पडद्यावर 'गणित चालू आहे' अशी ओळ आली आणि मी स्टॉपवॉचचं बटण दाबलं.

दस्तगीरभाई उठले, आतल्या खोलीत गेले आणि हौसाबाईंच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसले.

"काल काय जेवला?"

"भाकरी कुस्करली दुधात. ग्वाड लागली."

"सगळी?"

"न्हाई रं, चतकोर ऱ्हायली. शेरडीला घातली."

बोलणं तसंच चालू राहिलं. शेळी गाभण होती. इचलकरंजीला यंत्रमागावर असलेल्या मुलाचं दिवाळीपासून पत्र नव्हतं. गावाहून येणारी एसटी सकाळची सव्वासातची, ती चुकली की दुसरी अकराला. मी ऐकत होते ते काट्याकडे बघत. कॉम्प्युटर वाजला तेव्हा मी वहीत लिहिलं, चारशे ब्याऐंशी सेकंद. आठ मिनिटं आणि वर दोन सेकंद.

तो प्रोग्राम माझाच होता.

ही एकोणीसशे त्र्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. मी चौतीस वर्षांची होते. पदार्थविज्ञान शिकून पुण्यात एका संस्थेत प्रोग्राम लिहीत होते, आणि मिरजेच्या पुढे दोन तासांवर, माळावरच्या त्या ट्रस्टच्या रुग्णालयात सहा आठवड्यांसाठी आले होते. तिथे कोबाल्टचं यंत्र होतं. कोबाल्टच्या बोटभर तुकड्यातून सतत किरण निघत असतात. त्याच्यापुढची खिडकी ठरलेल्या वेळेपुरती उघडायची, एवढंच यंत्राचं काम. ती वेळ किती, हे गणित. पूर्वी दस्तगीरभाई ते तक्ते बघून हाताने करत. वर्षभरापूर्वी आम्ही पुण्याहून माझा मोठा प्रोग्राम पाठवला होता. तो कुठल्याही रुग्णालयात, कुठल्याही यंत्रावर, कुठल्याही रुग्णासाठी चालत असे, आणि म्हणूनच तो सगळं विचारत असे. त्या छोट्या कॉम्प्युटरवर त्याला एका माणसाला आठ मिनिटं लागत. दिवसाला चौदा माणसं.

मी घेऊन आले होते ती नवी गोष्ट होती. प्रोग्रामला लागणाऱ्या माहितीपैकी जी आधीच ठरलेली आहे ती त्याला आधीच द्यायची, त्या जोरावर जेवढं गणित उरकता येईल तेवढं उरकून घ्यायचं, आणि उरलेल्या गणितापुरता नवा, छोटा प्रोग्राम लिहून काढायचा. हे लिहून काढण्याचं कामही माणसाने करायचं नाही. ते करणारा एक वेगळाच प्रोग्राम मी तीन वर्षं खपून तयार केला होता. त्याच्या पोटात मोठा प्रोग्राम आणि ठरलेली माहिती घातली की दुसऱ्या टोकाने एकाच रुग्णासाठी बेतलेला लहानसा प्रोग्राम बाहेर पडत असे. माझा प्रबंध त्याच्यावरच होता.

हे मी दस्तगीरभाईंना समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली.

"माझे वडील टेलर होते," ते म्हणाले. "कायमचं गिऱ्हाईक असलं की त्याच्या मापाचा कागद कापून ठेवायचे. मामलेदारांचा कागद, पोस्टमास्तरांचा कागद. भिंतीवर खिळ्याला लटकवलेले. पुढच्या वेळी फक्त कापड आणायचं."

"अगदी तेच," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं. पुण्यात सेमिनारमध्ये हेच सांगायला मला चाळीस मिनिटं लागली होती.

"मॅडम, जेवण झालं?"

"झालं," मी म्हटलं. ते रोज दीडच्या सुमाराला हे विचारत आणि मी रोज हेच उत्तर देत असे.

दुसऱ्या दिवशी आम्ही प्रश्नांची यादी घेऊन बसलो. माझी पद्धत अशी होती की यादी कागदावर छापायची आणि पेन्सिलीने रंगवायची. लाल म्हणजे ठरलेलं, निळं म्हणजे दर वेळी विचारायचं. यंत्राचं अंतर, लाल. कोबाल्टची पहिल्या दिवशीची ताकद, लाल. तारीख, निळी. समोरची बाजू की पाठीची, निळी. रंग एकदा भरला की पुढचं सगळं आपोआप होत असे. चूक करायला माणसाला जागा होती ती फक्त इथेच, पेन्सिलीपाशी.

सतरावा प्रश्न, शरीराची जाडी. मी लाल पेन्सिल उचलली.

"जाडी लाल?" दस्तगीरभाईंनी विचारलं.

"एका रुग्णापुरती ठरलेली असते ना. पहिल्या दिवशी मोजायची, ती घालून त्याचा प्रोग्राम बनवायचा."

"मी रोज मोजतो."

"मी वर्षाची नोंदवही पाहिली. दोनशे बारा रुग्ण. पहिल्या दिवशीचा आणि शेवटच्या दिवशीचा आकडा जवळजवळ सगळ्यांचा सारखा आहे."

"नऊ जणांचा नाही."

त्यांना संख्या पाठ होती याचं मला आश्चर्य वाटलं. "नऊ जणांत फरक आहे," मी म्हटलं, "पण दोनशे बारांत नऊ म्हणजे मोजण्यातला दोष असू शकतो. कॅलिपर तिरका धरला गेला, श्वास आत असताना आकडा वाचला."

"मीच मोजलंय की, मॅडम."

ते एवढंच म्हणाले. मी यादीकडे बघत होते. जाडी निळी ठेवली तर छोट्या प्रोग्रामला शरीरात किती खोलवर किती किरण पोचतात त्याचे सगळे तक्ते बरोबर वागवावे लागणार होते आणि त्याला दोन मिनिटं लागली असती. लाल केली तर चार सेकंद. चारशे ब्याऐंशीवरून चार.

मी जाडी लाल केली. दस्तगीरभाई उठून कॅलिपर पुसायला गेले.

रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर पट्टणशेट्टी कमी बोलत. चाचणीचा पहिला रुग्ण म्हणून त्यांनी हौसाबाईंचं नाव सुचवलं, कारण त्यांच्या किरणांच्या दोनच बैठका झाल्या होत्या. अन्ननलिकेचा आजार, लवकर सापडलेला, बरा होण्यासारखा. त्यांनी कागदावर शरीराचा आडवा छेद काढला.

"अन्ननलिका ही. तिच्या मागे मणका, आणि मणक्यात मज्जारज्जू. पहिल्या बावीस बैठका सरळ, समोरून आणि पाठीकडून. त्यात मज्जारज्जू सापडतोच. बाविसाव्या बैठकीला तो मर्यादेला टेकतो. तेविसाव्या दिवसापासून आपण तिरके जातो, त्याला चुकवून."

"आणि मर्यादा ओलांडली तर?"

"त्या दिवशी काही होत नाही. सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी त्याच्याही नंतर माणूस एका सकाळी उठायला बघतो आणि पाय उचलत नाहीत." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ते परत येत नाहीत. तुमचे सेकंद कमी करा, पण आकडा तोच आला पाहिजे."

आकडा तोच आला. तिसऱ्या दिवशी मी दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी चालवले. मोठ्याने आठ मिनिटांनी जे सांगितलं ते छोट्याने चार सेकंदांत सांगितलं, दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या घरापर्यंत. त्याने फक्त दोन प्रश्न विचारले. कॅलिपर भिंतीवरच्या खुंटीला टांगला गेला.

त्या शनिवारी मी गावातल्या एसटीडी बूथवरून पुण्याला माझ्या मार्गदर्शकांना, सरपोतदार सरांना, फोन केला.

"किती सेकंद?" त्यांनी विचारलं.

"चार."

"छान. बाकी ठीक?"

"ठीक."

बूथवाल्याने पावती फाडली. सगळं बोलणं मिनिटाच्या आत संपलं होतं. आणखी कोणाला फोन करता येईल याचा मी उभ्याउभ्या विचार केला. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. भाऊ कुवेतला होता आणि त्याचं नववर्षाचं कार्ड येऊन गेलं होतं. मी चालत माळावर परत आले. रुग्णालयाच्या पाहुण्यांच्या खोलीत दोन लोखंडी खाटा होत्या, एकीवर माझं अंथरूण आणि दुसरीवर गुंडाळून ठेवलेली गादी. खानावळ बारालाच बंद होई, आणि त्या वेळी मी बहुधा कॉम्प्युटरपुढे असे. माझ्या बॅगेत बिस्किटांचे पुडे होते.

चाचणी नीट चालली होती. दुसऱ्या आठवड्यात चौदाच्या चौदा रुग्णांचे प्रोग्राम तयार झाले. व्हरांड्यातल्या बाकावरची गर्दी कमी झाली. पूर्वी दोन वाजेपर्यंत चालणारं काम साडेअकराला आटपू लागलं आणि ट्रस्टचे एक विश्वस्त येऊन माझा हात हलवून गेले.

हौसाबाई सव्वासातच्या एसटीने येत, त्यामुळे त्यांचा नंबर पहिला असे. दस्तगीरभाई त्यांना टेबलावर निजवत, छातीवरच्या जांभळ्या शाईच्या खुणांवर उजेडाचा चौकोन आणून बसवत, बाहेर येऊन दोन उत्तरं देत आणि टायमर लावत. मग जाड दरवाजा बंद होई. त्याच्यावर लाल दिवा लागे. किरण चालू असताना आत कोणीच थांबायचं नसतं. शिशाच्या पिवळट काचेतून मला त्या दिसत. पाय जुळवलेले, हात कडेला, डोळे छताकडे. एवढ्या मोठ्या खोलीत तेवढ्याच.

एकदा, सातवी की आठवी बैठक असेल, दस्तगीरभाई उत्तरं टाइप करून आत डोकावले तेव्हा त्या टेबलावरून म्हणाल्या, "दस्तगीर, काल काय झालं म्हाईत हाय का..."

कॉम्प्युटर वाजला.

"झाल्यावर सांगा, मावशी," दस्तगीरभाई म्हणाले आणि दार ओढून घेतलं. झाल्यावर पुढचा रुग्ण दारात उभा होता. हौसाबाईंनी पदर सारखा केला, पिशवी उचलली आणि त्या गेल्या. पुढे त्यांनी पुन्हा काही सांगायला सुरुवात केल्याचं मला आठवत नाही. दस्तगीरभाई "बरं आहे ना?" म्हणत, त्या "बरं हाय" म्हणत. हे मी रोज ऐकत होते. माझ्याकडे त्यासाठी वेगळं घड्याळ नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली होती. चौदाव्या बैठकीच्या दिवशी त्यांच्या चोळीला पाठीवर सेफ्टी पिन होती. कापड चिमटीत धरून आत घेतलेलं होतं. दुसऱ्या आठवड्यात नव्हती आणि तिसऱ्या आठवड्यात होती, इतकं नेमकं मला आजही सांगता येतं. मी ते पाहिलं, आणि त्याचं पुढे काहीच केलं नाही.

तेविसाव्या दिवशी किरणांची दिशा बदलायची होती. तिरक्या दिशेसाठी मापं नव्याने घ्यावी लागतात. दस्तगीरभाईंनी खुंटीवरून कॅलिपर काढला, त्याच्यावरची धूळ फुंकली, एक दांडी पाठीखाली सरकवली आणि दुसरी छातीवर टेकवली. मग ते थांबले. त्यांनी कॅलिपर काढून पुन्हा लावला.

"मावशी, श्वास सोडा."

"सोडलाय की."

"किती?" मी दारातून विचारलं.

"सोळा."

"पुन्हा मोजा."

"दोनदा मोजलं, मॅडम. सोळाच आहे." ते माझ्याकडे बघत नव्हते. हौसाबाईंच्या हाताकडे बघत होते. मनगटातल्या हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या होत्या. "मावशी, जेवण जात नाही का?"

"घास उतरत न्हाई रं. जळजळतंय. पानी सुदिक टोचतंय."

"कधीपासून?"

"लई दिस झालं. संक्रांतीचा लाडूबी उतरला न्हाई."

संक्रांत होऊन तीन आठवडे झाले होते.

"मग सांगितलं का नाही?"

हौसाबाईंनी डोकं वळवून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "तुमी घाईत असताय," त्या म्हणाल्या. "इचारलं कुनी?"

पट्टणशेट्टी डॉक्टरांच्या टेबलावर हौसाबाईंच्या फाइलमधल्या चिठ्ठ्या पसरल्या होत्या. प्रत्येक बैठकीनंतर प्रोग्राम एक चिठ्ठी छापत असे.

"इथे रोज अठरा छापलंय," डॉक्टर म्हणाले. "काल सुद्धा."

"ते मोजलेलं नाही," मी म्हटलं. "पहिल्या दिवशीचं आहे. प्रोग्राममध्ये पक्कं झालेलं. तो तेच छापतो."

त्यांनी एक चिठ्ठी उचलली, उजेडात धरली आणि खाली ठेवली. शरीर पातळ झालं की किरण आतपर्यंत जास्त पोचतात. अठराच्या माणसासाठी काढलेली वेळ सोळाच्या माणसाला दिली तर शंभराला सात जास्त. हे त्यांनाही माहीत होतं.

"एकूण किती जास्त गेलं?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"त्या कोणत्या दिवशी किती होत्या, ते कुठेच नाही. तिसऱ्या बैठकीपासून कोणी मोजलेलं नाही. एकदम पहिल्या आठवड्यातच बारीक झाल्या असं धरलं तर जवळजवळ दीड बैठक जास्त. हळूहळू झाल्या असं धरलं तर पाऊण. अगदी शेवटी झाल्या असतील तर अर्धी."

माझा आवाज नेहमीसारखाच होता. मला तो दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

"मर्यादा म्हणजे भिंत नसते," डॉक्टर चिठ्ठ्या गोळा करत म्हणाले. "रेघ असते. आपणच जरा अलीकडे आखलेली."

"पण आपण तिच्या पलीकडे आहोत."

"हो."

त्यांनी उपचार दहा दिवस थांबवले. हौसाबाईंना भरती करून नाकातून नळी घालायची, पोटात अन्न जाऊ द्यायचं, मग तिरक्या बैठका, मज्जारज्जूपासून आणखी लांबून. पायांचं मी सांगते, असं मी म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि मान डोलावली.

हौसाबाई बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या होत्या. मी त्यांच्याशी तेवीस दिवसांत सरळ बोलले नव्हते. मी स्टूल ओढून बसले आणि सांगितलं. गणित चुकलं. चुकवणारी मी. मशीन नाही आणि दस्तगीरभाईही नाहीत.

"म्हंजे पाय जात्याल?"

"जातीलच असं नाही. जाऊ शकतात."

"कवा कळंल?"

"सहा महिने. कदाचित वर्ष, त्याच्याही पुढे."

त्यांनी चादरीखालून पाय बाहेर काढले आणि बोटं हलवून पाहिली. टाचांना भेगा होत्या. "तवर चालू की," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "माझ्या शेरडीला कोन बघंल दहा दीस?"

"गावात कोणी आहे?"

"शेजारीन हाय. तिला निरोप धाडा." आणि मी उठताना, "बाई, तुमचं नाव काय?"

"सुनंदा. सुनंदा बोरवणकर."

"लेकरंबाळं?"

"नाहीत."

"बसा वाईच," हौसाबाई म्हणाल्या.

मी पुन्हा बसले.

दुपारी मी चौदाही प्रोग्राम पुसून टाकले आणि मोठा प्रोग्राम परत चढवला. दस्तगीरभाईंनी उरलेल्या तेरा जणांना एकेक करून आत बोलावून मोजलं. दोघांच्या मापात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक निघाला, बाकीचे होते तसेच होते. तेरांत दोन, आणि तेही अर्धा. नोंदवहीत मला हेच दिसलं असतं आणि मी पुन्हा लाल पेन्सिल उचलली असती.

"मी तुमचं ऐकायला हवं होतं," मी म्हटलं.

"मीही अर्धंच बोललो," दस्तगीरभाई म्हणाले. ते कॅलिपरच्या दांडीवरचे आकडे ओल्या फडक्याने पुसत होते. "वडील मापाचा कागद ठेवायचे, हे सांगितलं. पण कागद असला तरी गिऱ्हाईक आलं की ते टेप फिरवायचेच. मामलेदार वैतागायचे, म्हणायचे, अरे माप आहे ना तुझ्याकडे? वडील म्हणायचे, आहे साहेब, पण आलाय तर जरा उभे राहा." त्यांनी फडकं पिळलं. "तुम्ही पुण्याच्या. मला वाटलं, तुमच्या प्रोग्रामला ते आतून कळत असेल."

व्हरांडा रिकामा झाला होता. घड्याळात दीड वाजला होता.

"मॅडम, जेवण झालं?"

मी तोंड उघडलं. उत्तर तयारच होतं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथे मला दिसलं की गेला महिनाभर मी ते त्यांचा प्रश्न पुरता होण्याआधीच देत आले होते.

"नाही," मी म्हटलं. "खानावळ बंद होते बाराला. मी बहुतेक दिवस बिस्किटं खाते."

त्यांनी कॉम्प्युटरशेजारचे कागद बाजूला केले, डबा उघडला, भाकरी अर्धी मोडली आणि झाकणात वांग्याची भाजी काढून माझ्यापुढे सरकवली. आम्ही जेवत असताना पडद्यावर कुठल्या तरी रुग्णाचं गणित नव्या मापाने पुन्हा चालू होतं. आठ मिनिटांनी कॉम्प्युटर वाजला तेव्हा आमचं जेवण व्हायचं होतं.

पुण्यात सरपोतदार सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "तुझ्या साधनाचं काही चुकलेलं नाही," ते म्हणाले. "त्याला जे ठरलेलं म्हणून दिलं ते त्याने ठरलेलं धरलं. प्रोग्राम बरोबर आहे." मी म्हटलं, हो, बरोबर आहे. त्या वर्षी मी प्रबंध दिला नाही. पुढे दिला तेव्हा त्यात जाडी निळी होती आणि वेळ दोन मिनिटं दहा सेकंद होता. परीक्षकांनी विचारलं, हा एवढा एक प्रश्न वाचवला असता तर किती फायदा झाला असता? मी आकडा सांगितला. त्यांनी मग का नाही वाचवला म्हणून विचारलं, आणि मी तेही सांगितलं.

ते वर्ष मी मोजत काढलं. सहा महिने झाले, नऊ झाले, वर्ष झालं. संस्थेत माझ्या टेबलावर फोन होता आणि रुग्णालयाचा नंबर मला पाठ होता. मी एकदाही फिरवला नाही. सकाळी पलंगावरून उतरताना जमिनीला पाय लागला की मला त्या भेगाळलेल्या टाचा आठवत.

पुढच्या वर्षी मे महिन्यात एक अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर गोल, ओळी सरळ.

'बोरवणकर मॅडम यांस, दस्तगीर मुल्लाचा सप्रेम नमस्कार. काल हौसाबाई तपासणीला आल्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी सर्व पाहिले, गाठ दिसत नाही म्हणाले. पायांत मुंग्या येतात का विचारले, नाही म्हणाल्या. स्टँडपासून चालत आल्या, रिक्षा केली नाही. शेळीला दोन पिल्ले झाली ती मोठी झाली, एक तुमच्यासाठी ठेवले आहे असे सांगायला सांगितले आहे, कसे न्यायचे ते तुम्ही बघा. जाताना टेबलावर घेऊन मोजले. साडेसतरा.

ता. क. जेवण झाले का ते कळवणे.'

पत्र यायला चार दिवस लागले होते. दुपारचे दोन वाजत आले होते आणि माझा डबा टेबलावर तसाच बंद होता. मी तो उघडला, जेवले, हात धुतले आणि उत्तर लिहायला बसले.